सगळ्यांनी मिळून बसायचा इलाज

जेवणं आटोपलीत. गाडी यायला अजून अवकाश आहे, तरी घर आत्तापासूनच तयारीला लागलंय, आणि मधल्या खोलीत उज्ज्वला भिंतीकडे तोंड करून पडलीय. कराडला समुपदेशक शिर्के मॅडमकडे जायचंय. तिनं एकटीनं नव्हे हो, सगळ्या घरानं. सासूबाईंनी चिवडा बांधून घेतलाय, जाऊबाईंची इस्त्री चाललीय, आणि नवरा, अजित, पुढच्या सीटवर कोण बसणार यावरून भावाशी हुज्जत घालतोय. उपचाराला निघालेत की वऱ्हाडाला, देव जाणे. आवाज हळूहळू लांब जातात, पंख्याची घरघर तेवढी उरते आणि पापण्या जड होतात.

दुखणं तिचं आहे. सातव्या महिन्यात पोटातलं मूल गेलं त्याला वर्ष होत आलं. तेव्हापासून मध्येच छाती आवळते, हातपाय गार पडतात, श्वास पुरत नाही. तपासण्या झाल्या, हृदय ठणठणीत निघालं. मग मॅडमचं नाव कळलं. पहिल्याच दिवशी मॅडमनी नीट समजावलं होतं. कुणाला एकट्यानं बोलून मोकळं वाटतं, कुणाला घरच्यांना सोबत घेऊन बसावं लागतं, कुणाला तसंच दुःख सोसलेल्या बायकांच्या गटात बरं वाटतं, कुणाला गोळ्यांचीही जोड लागते. तुम्हाला काय सोयीचं वाटेल? प्रश्न उज्ज्वलाला होता. उत्तर सासूबाईंनी दिलं, सगळे मिळूनच बसू, आमच्यात काही आडपडदा नाही. झालं! बाहेरच्या खुर्च्या आत आल्या.

पुढे मॅडमनी एकदा सुचवूनही पाहिलं, की यांना थोडा वेळ एकटीला बोलू दे. सगळ्यांची तोंडं अशी उतरली की उज्ज्वलाच म्हणाली, राहू दे. माणसं वाईट असती तर भांडता तरी आलं असतं. ही प्रेमळ आहेत, तीच तर पंचाईत. झोप लागते का, जेवण जातं का, प्रत्येक प्रश्नाला चौघं उत्तर देतात, आणि त्या बाळाचा विषय काढायचा नाही हे घरात आधीच ठरलंय. काल अजित म्हणाला, उद्याही गुण दिसला नाही तर हे बंद करू. म्हणजे आज नाही बोलली तर मग कधीच नाही.

पंखा फिरतोय. तो मॅडमच्या खोलीतला पंखा आहे. उज्ज्वला खुर्चीत बसलीय आणि समोर, मॅडमच्या जागी, गोदाआत्या बसलीय.

गोदाआत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. उज्ज्वलाच्या लग्नाआधीच ती वारली. तीही अशीच मध्येच गप्प व्हायची. मग घरचे तिला घेऊन फिरायचे, आज वैद्याकडे, उद्या देवऋष्याकडे, परवा मोठ्या डॉक्टरकडे. आत्या मेलीय हे उज्ज्वलाला माहीत आहे, पण तिच्या तोंडावर ते काढणं बरं दिसणार नाही.

"तुला कशानं गुण आला गं, आत्या?"

"कशानंच नाही." आत्या पदरानं चष्मा पुसते. "वैद्याला तुझे आजोबा सांगायचे, डॉक्टरला तुझा बाप. मी शेजारी बसून ऐकायचे. चांगलं सांगायचे हो दोघं. पण ते माझं दुखणं नव्हतं."

दारातून जाऊबाई खुर्ची घेऊन येतात. खुर्ची एसटीचं बाकडं आहे. गाडी सुरू झालीय, आणि माणसं चढतच आहेत, सरका की थोडं म्हणत. सासूबाईंचा गुडघा उज्ज्वलाच्या गुडघ्याला लागतो. लग्नात एकदाच भेटलेले कोण कोण पाहुणे दाटीवाटीनं उभे आहेत. खिडकीची काच जाम झालीय. कंडक्टर विचारतो, कुठं जायचं बाई? ती तोंड उघडते, तोवर अख्खी गाडी तिच्या वतीनं सांगून मोकळी होते. तिकीट हातात येतं. त्यावर कुठलं गाव आहे ते तिला वाचता येत नाही.

तिला उतरायचंय. पण आता ती दवाखान्यातल्या पलंगावर आहे, आणि तीच माणसं पलंगाला कोंडाळं करून चिवडा खातायत. पलीकडच्या पाळण्याकडे कुणी बघत नाही. श्वास वरच्या वर अडकतो. आत्या तिच्या उशाशी येऊन बसते.

"नाव ठेवलं होतंस ना त्याचं?"

"मनातल्या मनात."

"सांग मला."

"इथं नको. सगळे ऐकतायत."

"मग बाहेर बसव की त्यांना."

"वाईट वाटेल गं त्यांना."

"वाटेल," आत्या म्हणते. "मी नाही वाटू दिलं, जन्मभर."

उज्ज्वलाला तिचा फार राग येतो, आणि त्याहून जास्त कीव येते. ती पलंगावरून उतरते. एकेकाच्या खांद्याला धरून त्यांना दारापर्यंत नेते. कुणी भांडत नाही, नुसते केविलवाणे बघतात, आणि त्यानंच पाय जड होतात. शेवटचा अजित. तो बाहेर पडल्यावर ती सगळा जीव एकवटून दार लावते. मागे वळते तर आत फक्त आत्या.

"निहार," उज्ज्वला म्हणते.

"निहार," आत्या म्हणून बघते. "गोड आहे."

आणि उज्ज्वलाला रडू फुटतं, वर्षभराचं.

दार वाजतंय. उशी ओली झालीय. गाडी आली म्हणून अजित हाक मारतोय, आणि दार उघडत नाही म्हणून त्याचा आवाज चढत चाललाय. उज्ज्वला उठून बघते. या खोलीला दिवसा कुणी कडी घालत नाही. खरं तर रंगाचे थर बसून ती कडी कधीचीच घट्ट झालेली. आता ती पुरती आत सरकलीय आणि उंबऱ्यावर रंगाचे टवके पडलेत.

ती दाराशी जाते, पण लगेच उघडत नाही.

"मी बरी आहे," ती आतूनच म्हणते. "पण आज मॅडमच्या खोलीत मी एकटीच बसणार. तुम्ही सगळे बाहेर थांबा."

 पलीकडून सासूबाईंचा आवाज येतो, दुखावलेला, पण काळजीचाच.

"अगं, तुला एकटीला जमेल का सांगायला?"

"जमेल, आई. आत्ताच एकदा सांगून झालंय."

आणि मग ती कडी काढते.