चोवीस तासांचा कॅन

कॅनवर चिकटवलेल्या कागदावर माझ्या सासूबाईंचं नाव होतं, वय होतं आणि खाली वेळ: रविवार सकाळी सहा ते सोमवार सकाळी सहा. पाच लिटरचा, पांढरा, नव्या प्लॅस्टिकच्या उग्र वासाचा कॅन. रविवारची पहिली लघवी सोडून द्यायची, त्यानंतरची प्रत्येक वेळची त्यात जमवायची आणि सोमवारच्या पहिल्या लघवीने मोजणी संपवायची. एवढीच तपासणी.

त्यांना मी आत्या म्हणते. ताडकळसच्या अलीकडच्या एका खेड्यात त्या राहतात. फाल्गुनात त्यांचे पाय सुजले आणि लघवीला फेस येऊ लागला, म्हणून आम्ही त्यांना परभणीला आमच्याकडे आणलं. डॉक्टरबाईंनी त्यांच्या घोट्यावर अंगठा दाबला. उमटलेला खळगा बराच वेळ बुजला नाही. "मूत्रपिंडाची चाळण फाटली की रक्तातलं प्रथिन लघवीतून वाहून जातं," त्या म्हणाल्या. "दिवसभरात किती जातं, यावर पुढचं सगळं ठरेल. थोडं असेल तर गोळ्या. जास्त असेल तर तुकडा काढून तपासायचा आणि लगेच मोठे उपचार. म्हणून एक थेंबही वाया घालवू नका. आणि कॅन थंड जागी ठेवा. फ्रिज असेल तर उत्तम."

घरी आल्यावर आत्या कॅन उचलून त्याचं वजन पाहत हसल्या. "जलमभर दूध मोजून दिलं डेअरीला. आता हे मोजायलेत. ह्येला फ्याट किती लागतंय बघू."

मी हसले, पण फ्रिजचं दार उघडलं नाही. दुधाच्या पातेल्याशेजारी तो कॅन, हे चित्रच मला सोसेना. गंधांच्या बाबतीत मी लहानपणापासून हळवी आहे. भिजलेल्या मातीचे, कोऱ्या कापडाचे वास मी शब्दांत जपून ठेवत आले. त्याच नाकाने त्या दिवशी माझ्या वतीने निर्णय घेतला. न्हाणीघरात पाण्याने भरलेल्या टबात, ओल्या गोणपाटाखाली मी कॅन ठेवला आणि त्यावर मापाचा मग पालथा घातला.

त्याच रविवारी चार वाजता माझ्या घरी कवितावाचन होतं. आम्ही सात-आठ जणी महिन्यातून एकदा जमतो. तारीख पुढे ढकलता आली असती. मी ती ढकलली नाही. साडेतीनला पन्ह्यात वेलची घालताना एकदम मनात आलं, येणाऱ्या बायका न्हाणीघरात जातील. मी कॅन आणि मग उचलले, वर नेले आणि गच्चीवर, जिन्याच्या तोंडाशी पत्र्याच्या सावलीत ठेवले. आत्यांच्या गुडघ्यांना जिना चढवत नाही, हे मला ठाऊक होतं. म्हणून सांगितलं, "आत्या, लागली की आवाज द्या. मी खाली आणून देईन."

"दीन की बाई आवाज. तुमचं चालू द्या."

बायका आल्या. आत्यांनी आतल्या खोलीच्या दारात बसूनच प्रत्येकीचा जयभीम, नमस्कार घेतला. वाचन रंगलं. एक मैत्रीण विहिरीत राहणाऱ्या पारव्यांवरची दीर्घ कविता वाचत होती. मोट थांबलेली, दगडांच्या कपारींत घरटी, आणि खालच्या काळ्या पाण्यात पारव्यांना दिसणारं आभाळ. तिचा आवाज हळू होता. त्या हळू आवाजात न्हाणीघराची कडी वाजली, आणि मग फ्लशचं पाणी धडाधड कोसळलं.

मी उठले नाही. मला पहिल्यांदा वाटलं ते असं, की किती अवेळी हा आवाज. मैत्रिणी ऐकू न आल्यासारख्या कागदाकडे पाहत राहिल्या, आणि मी त्यांच्याकडे. अर्ध्या तासाने तोच आवाज पुन्हा आला.

सगळ्या गेल्यावर मी कॅन खाली आणला. "आत्या, मधे लागली नाही का?"

"न्हाई बाई. पाणीच कुठं पेले मी."

माझ्या कानांनी दोनदा ऐकलं होतं. तरी मी "बरं" म्हणाले, कारण ते उत्तर मला सोयीचं होतं.

सोमवारी सकाळी कॅन बंद करायला गेले तेव्हा तो माझ्या अंदाजापेक्षा बराच भरला होता. आदल्या संध्याकाळी आत कडक, गडद पिवळा रंग होता. आता तो हळदीचं बोट बुडवून काढलेल्या पाण्यासारखा फिका झाला होता. वासही सैलावला होता. शेजारच्या बादलीतला तांब्या ओला होता. कुणालाही काही दिसलं नसतं, मला दिसलं. नेमक्या रंगासाठी मी ओळीच्या ओळी खोडत आले आहे. त्या पिवळ्यात पाणी मिसळलं आहे हे ओळखायला मला क्षणही लागला नाही. मी झाकण घट्ट लावलं.

लॅबच्या काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "पूर्ण चोवीस तासांचं आहे ना?"

"हो," मी म्हणाले.

रिपोर्टमध्ये प्रथिन थोडंच वाढलेलं निघालं. डॉक्टरबाईंनी गोळ्या लिहिल्या, मीठ तोडलं, तीन महिन्यांनी बोलावलं. आत्या खुशीत गावी गेल्या. मला रोज वाटे, फोन करून सांगावं, पुन्हा तपासू या. रोज मी शिकवते त्या कॉलेजची घंटा होई, आणि ते राहून जाई.

ज्येष्ठाच्या अखेरीस त्या परत आल्या तेव्हा पापण्या इतक्या सुजल्या होत्या की डोळे मिटल्यासारखे दिसत. रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाने गाळून टाकायचा कचरा, वाढलं होतं. सोनोग्राफीच्या अंधाऱ्या खोलीत त्यांच्या कुशीवर जेल पसरलं तशा त्या शहारल्या, माझं बोट धरलं. पडद्यावर मूत्रपिंड उमटलं, जिथे करडं असायला हवं तिथे राखेसारखं पांढुरकं.

डॉक्टरबाई जुना रिपोर्ट नव्याशेजारी ठेवून गोंधळल्या. "तीन महिन्यांपूर्वी इतकंसं, आणि आता हे? मागच्या वेळी लघवी नीट जमवली होती ना?"

मी तोंड उघडण्याआधीच आत्या म्हणाल्या, "व्हय बाई. थेंब न थेंब. सुनेनं लय जपून केलं माझं."

बाहेर बाकावर मी त्यांना हळूच विचारलं, "आत्या, त्या दिवशी कॅनमध्ये पाणी घातलं होतं ना?"

त्यांनी पदराच्या टोकाला पीळ दिला. "मंग? कमी दिसायलं होतं. तिथं तुलाच बोलले असते. एवढी शिकलेली बाई, अन् म्हातारीचं एक काम न्हाई झालं, म्हणले असते."

"आणि मला हाक का नाही मारली?"

"एवढ्या बायका बसलेल्या. त्येंच्यात मी वरडू का, माझं मूत धराया ये म्हणून?"

या बाईंनी आयुष्यभर डेअरीला दूध घातलं. म्हैस आटत आली, दूध लिटरावर आलं, तरी पाण्याचा एक थेंब घातला नाही. गावात अजून तसं सांगतात. उतारवयात त्यांनी एकदाच पाणी घातलं, ते माझी लाज झाकायला.

मी पुन्हा आत गेले आणि डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं. जिना, फ्लश, फिका रंग, लॅबमधलं माझं "हो". सांगताना माझाच आवाज मला परका वाटला. त्यांनी जुन्या रिपोर्टवर तिरकी रेघ मारली. म्हणाल्या, "त्याच नमुन्यातलं क्रिएटिनिन मोजायला मीही सांगायला हवं होतं. ते दिवसाला ठरावीकच पडतं. पाण्याने माप पूर्ण दिसलं तरी काही सांडलंय हे त्यावरून कळलं असतं."

"तेव्हाच उपचार सुरू झाले असते का?"

त्यांनी मला खोटा दिलासा दिला नाही. "बहुधा," त्या म्हणाल्या.

दुसऱ्यांदा कॅन आणला तेव्हा मी दुधाचं पातेलं बाहेर काढलं आणि फ्रिजचा मधला कप्पा रिकामा केला. त्या महिन्याचं वाचन रद्द केलं. प्रथिन आधीच्या कितीतरी पट निघालं. मग नांदेडला मूत्रपिंडाचा तुकडा काढला, औषधं सुरू झाली. सूज उतरली. क्रिएटिनिन मात्र खाली येता येता एका आकड्यावर थांबलं, ते तिथेच आहे. त्या तीन महिन्यांचा वाटा त्यात किती, हे कोणतीच तपासणी सांगत नाही.

वाचन रद्द केल्याचं कळलं तेव्हा आत्या रागावल्या होत्या. "मला इचारायचं तरी. मी ऐकणार होते."

"तुम्ही मागच्या वेळी ऐकत होतात?"

"मंग काय भित्तीकडं बघत बसले होते? ती हिरीतल्या पारव्यांचं म्हणायलती बघ. लय ग्वाड. तेवढ्यात मला उठावं लागलं. पुढचं ऱ्हाऊन गेलं." त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. "निघाले का गं ते पारवे भाईर?"

मी आठवू लागले. कपारी आठवल्या, काळं पाणी आठवलं. त्यापुढचं मला काहीच सांगता आलं नाही.