पेटीला मागणी नाही

चाकणजवळच्या आमच्या सरकारी दवाखान्यात औषधांचं स्टोअर सांभाळणारे भाऊसाहेब फुकटच्या निरोधांची पेटी अगदी स्वतःच्या टेबलावर ठेवतात. कुणी पेटीकडे हात नेला की चष्म्यावरून बघत विचारतात, "कुणाचा रं तू?" शिफ्ट सुटून आलेला गडी मग खोकल्याच्या गोळ्या मागून निघून जातो.

पुढच्या वर्षाच्या साठ्याचा अंदाज वर कळवायची वेळ आली की भाऊसाहेब भरलेल्या पेटीकडे बोट दाखवतात. "मागणीच न्हाई, सिस्टर. आपल्याकडं लोकं लई संयमी." आणि माझ्या खोलीबाहेर गरोदर बायकांना बसायला बाकं पुरत नाहीत.

यंदा भाचीच्या लग्नासाठी ते आठवडाभर रजेवर गेले. दुसऱ्याच दिवशी पेटी रिकामी. मी पुन्हा भरली, तीही संपली. म्हटलं, आता तरी यांचा अंदाज बदलेल.

परत आल्यावर त्यांनी पेटी उलटी करून पाहिली, हलवून पाहिली आणि मटकन खुर्चीत बसले.

"एक आठवडा मी न्हाई, तर चोऱ्या व्हायला लागल्या, सिस्टर."

त्या पेटीसाठी यंदा त्यांनी पहिल्यांदाच काहीतरी मागवलं आहे. कुलूप.