मावशींच्या कपाळावरचा थेंब
निलगिरीच्या तेलाचा वास आला की मला दिघाशीतली ती दुपार आठवते. सातवीतून शाळा सोडून मी जालन्याहून पडघ्याच्या गोदामात कामाला आलो होतो आणि जवळच्याच दिघाशी गावात एका मावशींच्या पडवीत भाड्यानं राहत होतो. जेवू त्याच घालायच्या, पोट भरलं तरी "अजून घे रं" म्हणायच्या. त्या तापानं फणफणल्या तेव्हा मी ड्युटी बुडवून उशाशी बसलो. खोलीभर निलगिरीचा वास होता. आमच्या चर्चच्या पाळकांनी लहानपणी शिकवलं होतं, कपाळावर पाणी घेऊन बाप्तिस्मा झाल्यावाचून तारण नाही, आणि मावशी तर गावदेवीला नारळ देणाऱ्या. या गेल्या तर स्वर्गात भेटणार नाहीत, या धास्तीनं मी तांब्यात बोटं बुडवली, त्यांच्या कपाळापर्यंत नेली आणि न विचारता कसं करू म्हणून थबकलो. तेवढ्यात एक थेंब पडलाच. मावशींनी डोळे उघडले. "काय करतोस रं?" मी रडत रडत सगळं सांगितलं. त्या हसल्या, खोकल्या. "मंग तिथं तुला भाकरी कोन घालील? तुज्या देवाला सांग, ही बाई माजी हाय. येवढं त्याला पुरं न्हाय का? आन् ते पानी प्यायला दे, घसा सुकलाय." अख्खा तांब्या त्यांनी एका दमात संपवला. मावशी आजही ठणठणीत आहेत. तारणाचं मला अजून पुरतं कळलेलं नाही, पण प्रार्थनेला बसलो की आधी हेच सांगतो, ही बाई माझी आहे.