लाईनीतला तराजू

आमच्या पोलीस लाईनीत बायकांचा वर्ग सुरू झाला तो हुकमानं. तिथं सगळंच हुकमानं व्हायचं, मग शिकणं तरी कसं सुटणार? एका सकाळी हजेरीला जमादारांनी शिपायांना ऐकवलं, की दर बुधवारी दुपारी सगळ्यांच्या घरवाल्यांनी कोठीच्या ओट्यावर जमायचं, नगरहून नर्सबाई येणार आहेत, त्या बाळंतपण आणि पोरांची निगा शिकवतील. माझ्या नवऱ्यानं घरी येऊन मला हे इतक्या गंभीर तोंडानं सांगितलं, की मला वाटलं माझीच कुठंतरी बदली झाली.

लढाई चालू होती. बेचाळीसची धामधूम नुकती निवली होती आणि लाईनीतले पुरुष आठवड्यातले निम्मे दिवस बंदोबस्तावर असत. प्रवरेकाठचं तालुक्याचं गाव, गावाबाहेर आमची सरकारी चाळ. एकाला एक लागून दोन-दोन खोल्यांची घरं, पुढं पटांगण, पटांगणात एक कडुनिंब आणि त्याला लागून धान्याची कोठी. शिपायांना सरकारी दरानं धान्य मिळे ते ह्या कोठीतून. मी नेवाशाकडून लग्न होऊन आलेली, लाईनीतली सगळ्यांत धाकटी सून म्हणा ना. माझं पहिलं बाळ सव्वा महिन्याचं होऊन गेलं होतं. दुसरा मुलगा मांडीवर होता, चार महिन्यांचा, आणि त्याच्याकडे नजर गेली की बायका बोलता बोलता थांबत. ते थांबणं मला कळत होतं. कळूनही मी त्यांच्याशी पावसापाण्याच्या गोष्टी करत बसे.

पहिल्या बुधवारी आम्ही ओट्यावर बसलो त्या नवऱ्यांच्या हुद्द्याप्रमाणे. तसं कुणी सांगितलं नव्हतं. पुढं मधोमध जमादारीणबाई, त्यांच्या बाजूला हवालदारीणभाभी, मागं नाइकाची बायको, मग आम्ही शिपायांच्या. मी सगळ्यांत मागं, भिंतीला टेकून. नर्सबाईंना ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी सरळ विचारलं, ‘‘तान्ह्या मुलाला दिवसातून किती वेळा पाजता?’’

सगळ्या जमादारीणबाईंच्या तोंडाकडे बघू लागल्या. त्यांची सगळी पोरं मिशा फुटून नोकरीला लागली होती. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, ‘‘लागंल तसं.’’

ओट्यावरून एकसाथ आवाज उठला, ‘‘लागंल तसं.’’

नर्सबाईंनी हसू दाबलं ते मी पाहिलं. पांढरं लुगडं, पायात चपला, हातात पत्र्याची पेटी, आणि एकटी बाई मोटारीतून उतरून चालत आली होती. मी तशी बाई त्याआधी पाहिलीच नव्हती. त्या खडूचा तुकडा घेऊन खाली बसल्या आणि फरशीवर त्यांनी पोटातल्या बाळाचं चित्र काढलं. डोकं खाली, गुडघे पोटाशी. दोनदा बाळंत झाल्यावर मला त्या दुपारी कळलं, की माझं लेकरू माझ्यात कसं बसलं होतं. मी वाकून वाकून बघत राहिले. वर्ग संपला तरी ते चित्र पुसायला कुणाचा हात होईना. शेवटी पोरांनीच पायानं पुसलं.

पुढच्या खेपेला नर्सबाई हुद्द्याबिद्द्याचं कौतुक न करता थेट मागं माझ्यापाशी आल्या. बाळाला उचललं, त्याच्या मांडीची कातडी चिमटीत धरली, ती सोडल्यावर तशीच राहिली.

‘‘ह्याचं वजन करायला हवं. तुमचं दूध त्याला पुरतं की नाही, ते नुसत्या डोळ्यांना कळणार नाही.’’

त्यांनी कोठीतला तराजू निंबाच्या फांदीला टांगायला सांगितला. जमादारीणबाई म्हणाल्या, ‘‘तान्ह्याला मापाला लावीत न्हाईत, बाई. लोखंडानं दाणा मोजायचा. लेकरू मोजलं की वाढ खुटती.’’

मी बाळ नर्सबाईंच्या हातातून घेऊन छातीशी धरलं. एक पोर गमावलेली बाई होते मी. मला कुणी सांगितलं असतं की उंबऱ्यावर बसल्यानं पोर जातं, तर मी उंबराच काढून टाकला असता. नर्सबाईंनी समजावून पाहिलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. त्या तराजूकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं बघत राहिल्या.

वाट काढली ती भाभींनी. त्यांचीही मुलगी पाचएक महिन्यांची होती, टरबुजासारखी गोल, आणि ती मांडीवर चुळबुळत असतानाच त्या म्हणाल्या, ‘‘आमी पिराला नवस करतो तवा लेकराच्या भारानं गूळ वाहतो की. तुमच्या देवीलाबी करत्यातच. तवा कुटं दृष्ट लागती? ते मोजणं न्हवं, ते देवाचं. लोखंड नको, गूळ ठिवा पारड्यात.’’

जमादारीणबाईंनी मान डोलावली आणि प्रश्न सुटला. पण एका शिपायाच्या घरी पोराच्या भाराइतका गूळ कुठून येणार? ‘‘घरटी एक खडा,’’ जमादारीणबाई म्हणाल्या, आणि हुकूम झाला. त्या पट्ट्यात ऊस बक्कळ. कुणी गुऱ्हाळावरून, कुणी माहेराहून, पण पुढच्या बुधवारी प्रत्येकीच्या हातात फडक्यात बांधलेला गुळाचा खडा होता. एका पारड्यात मऊ गोधडी घालून माझा मुलगा ठेवला. दुसऱ्यात खडे पडू लागले, आधी जमादाराच्या घरचा, मग हवालदाराच्या, मग नाइकाच्या. शेवटचा माझा. काटा सरळ उभा राहिला. माझं पोर एका बाजूला आणि अख्खी लाईन दुसऱ्या बाजूला, असं ते मला दिसलं.

नर्सबाई हुशार. त्या म्हणाल्या, ‘‘गुळाला तर दृष्ट लागत नाही ना?’’ आणि बाळ उतरवल्यावर त्यांनी तो सगळा गूळ कोठीच्या लोखंडी मापांनी मोजून घेतला. त्याला कुणाची हरकत नव्हती. मग ठरलं असं, की खडा ज्याच्या त्याच्या घरी देवापुढं ठेवायचा, भाभींनी त्यांच्या कोनाड्यात ठेवायचा, त्याला तोंड लावायचं नाही, आणि दर बुधवारी तोच खडा आणायचा. बाळ वाढलं की त्याचं पारडं खाली जाईल. मग वर लागेल तेवढा नवा गूळ घालायचा.

पुढच्या बुधवारी त्याचं पारडं खाली गेलं. अगदी डोळ्यांना दिसेल इतकं. नाइकाच्या बायकोनं पळत जाऊन नवा तुकडा आणला. मी त्या रात्री पोटभर भाकरी खाल्ली, कितीतरी दिवसांनी. त्याच्या पुढच्या बुधवारी पारडं आणखी खाली गेलं आणि आणखी एक तुकडा पडला. जमादारीणबाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी आता मोठ्यानं हसत होते, भिंतीचा टेका सोडून बसत होते.

नर्सबाई हसत नव्हत्या. त्यांनी बाळाला दोन्ही हातांवर घेतलं, तोलून पाहिलं आणि पारड्यात उरलेल्या गुळाकडे पाहिलं. मग त्यांनी मापं मागवली आणि तो गूळ पुन्हा मोजला, जुने खडे आणि नवे तुकडे, सगळा.

‘‘पहिल्या दिवशी होता त्याच्यापेक्षा हा गूळ कमी आहे,’’ त्या हळू म्हणाल्या. ‘‘वर नवे तुकडे घालूनसुद्धा कमी. मुलगा वाढलेला नाही. उतरलाय.’’

मला आधी समजलंच नाही. मग समजलं आणि मी मुलाला उचलून घट्ट धरलं. सगळ्या बायका सवयीनं जमादारीणबाईंकडे बघू लागल्या. जमादारीणबाई जमिनीकडे बघत होत्या.

‘‘माज्या खड्याचा कोपरा मी फोडला,’’ त्या म्हणाल्या. ‘‘सुपारीएवढा. ही पोरगी जेवत न्हवती, हाडं वर आल्ती तिची. म्हनलं, पारडं जरा खाली गेलं तर घास तरी गिळंल.’’

भाभींनी पदर तोंडाशी नेला. ‘‘मीबी फोडला. मला वाटलं मी एकलीच.’’

मग मागून, बाजूनं, हुद्दाबिद्दा सोडून आवाज येऊ लागले. आमीबी. आमीबी, बाई. एकही घर सुटलं नव्हतं. प्रत्येकीनं आपल्यापुरता सुपारीएवढा काढला होता, दोन्ही आठवड्यांना, आणि प्रत्येकीला वाटलं होतं एवढ्यानं काय होतंय.

मला पहिला आला तो संताप. वाटलं, सगळा गूळ उचलावा आणि एकेकीच्या तोंडावर मारावा. माझं पोर झिजत होतं आणि ह्या मला खेळवत होत्या. पण मी त्यांच्या तोंडांकडे पाहिलं. ह्याच बायका नैवेद्य दाखवल्याशिवाय स्वतःच्या पोराला दूधभात देत नसत. मांजर आडवं गेलं तर पाण्याला जायचं पुढं ढकलत. त्यांनी माझ्या दोन घासांसाठी देवापुढचा गूळ फोडला होता, एकटीएकटीनं, घाबरत, कुणाला न सांगता. इतकी वर्षं झाली, पुष्कळ पाहिलं, पण त्या दुपारी मी जशी थक्क झाले तशी पुन्हा झाले नाही. माझा राग कुठं गेला ते मलाच कळलं नाही.

नर्सबाई कुणाला रागावल्या नाहीत. त्यांनी एवढंच सांगितलं, की दूध पुरत नाही, पोराला रडायचीही ताकद राहिलेली नाही, आणि त्याला आजच्या आज कुणीतरी पाजायला हवं. आज म्हणजे आत्ता.

लाईनीत तेव्हा अंगावर पाजणारी दुसरी एकच होती. भाभींनी आपली मुलगी नाइकाच्या बायकोकडे दिली आणि माझ्यापुढं हात पसरले. त्यांनी जमादारीणबाईंकडे पाहिलं नाही. मीच पाहिलं. माझ्या डोळ्यांपुढं सासू उभी राहिली, गावाकडची भावकी उभी राहिली, कोण काय म्हणेल ते सगळं ऐकू आलं. खोटं कशाला सांगू? जमादारीणबाई कंबरेवर हात ठेवून उठल्या.

‘‘आडोसा करा,’’ त्या म्हणाल्या.

सगळ्या बायका उठल्या आणि पाठी पटांगणाकडे करून गोल उभ्या राहिल्या. मागची पुढं, पुढची मागं, कोण कुठं ते कुणी पाहिलं नाही. त्या गोलात मी माझा मुलगा भाभींच्या मांडीवर ठेवला. आधी तो नुसता तोंड लावून पडला. भाभींनी दोन थेंब त्याच्या ओठांवर पिळले. मग तो असा ओढायला लागला, की भाभींनी दात आवळले. दूध त्याच्या गालावरून मानेत ओघळत होतं. मी ते बोटानं पुसत होते आणि मला आनंद होत होता, आणि त्या आनंदात एक कळ होती. हे माझ्याकडून व्हायला हवं होतं, ही ती कळ.

भाभींनी ती ओळखली असावी. त्या म्हणाल्या, ‘‘झालं तुजं नुकसान. आमच्यात दूधभावाशी लगीन चालत न्हाई. माजी पोरगी सून म्हून आणायचा इचार असंल तर आता सोड.’’

गोलातून हसू फुटलं. नर्सबाईसुद्धा तोंड फिरवून हसल्या. त्या दिवसापासून भाभींनी माझ्या मुलाला पाजलं, आपल्या मुलीच्या आधी, आणि मी उरलंसुरलं पाजत राहिले. जमादारीणबाईंनी सगळ्या घरचा गूळ गोळा केला, हळीव भिजत घातले आणि लाडू वळून माझ्यापुढं ठेवले. मी म्हटलं, हा तर देवाचा. त्या म्हणाल्या, ‘‘तुला घातला म्हंजी त्येला पोचला. खा.’’ आणि पुढच्या बुधवारी पारड्यात लोखंडी मापं त्यांनीच आपल्या हातानं ठेवली.

पुढं काही आठवड्यांनी, भर दुपारी, मी हौदावर धुणं धूत होते. मुलगा भाभींकडे होता. एकाएकी लाईनीत कुठंतरी रडणं सुरू झालं. साधंसुधं नव्हे. श्वास कोंडून धरायचा आणि दुप्पट जोरानं पुन्हा सुरू व्हायचं, असं हट्टी रडणं. बायका दारांत आल्या. आमच्याकडे भिंती अशा पातळ, की कुठलं पोर रडतंय ते प्रत्येकीला आवाजावरून कळायचं. हे मात्र कुणाच्या ओळखीचं नव्हतं.

‘‘कुनाचं गं?’’ जमादारीणबाईंनी विचारलं. नाइकाच्या बायकोनं आपलं कडेवरचं, दूध सुटलेलं पोर दाखवून मान हलवली. मी ओला पिळा हातात धरून ऐकत होते. मनात म्हटलं, कुणाकडे तरी पाव्हणे आले असतील.

मग भाभी दारात आल्या. त्यांच्या खांद्यावर लालबुंद होऊन माझा मुलगा ओरडत होता.

‘‘बघत काय उभी ऱ्हायलीस?’’ त्या म्हणाल्या. ‘‘तुजंच हाय.’’