तीन गाठींची किल्ली

नात यंदा नर्सिंगला गेली. परवा हॉस्टेलवरून फोन करून रडली. वॉर्डात पहिल्यांदा सुई टोचताना तिचा हात थरथरला आणि मॅडम सगळ्यांदेखत बोलल्या. "आजी, तुझा हात कधीच थरथरला नसंल ना?" मी म्हणाले, "छे!" फोन ठेवल्यावर माझं मलाच हसू आलं, आणि मग थोडी लाजही वाटली. आमच्या घरात माझी एक गोष्ट फार लाडाची आहे: आजी नोकरीला लागली आणि पहिल्याच महिन्यात तिनं एका बाळंतिणीचा जीव वाचवला. गोष्ट खरी आहे. फक्त मी ती पुरती सांगितलेली नाही.

तर तेव्हाची मी. वय एकवीस, अंगावर मांस बेताचं, पण तोरा भरपूर. शिकताना मी मोसंब्यांना इंजेक्शनं दिली होती आणि एकही मोसंबं दगावलं नव्हतं. तोंडी परीक्षेत रक्तस्रावावरचे उपाय असे धडाधड म्हटले होते की परीक्षक ऐकतच राहिले. आमच्या मॅडमनी शिकवलेलं एक वाक्य तर मी देवाच्या नावासारखं जपायचे: औषधाच्या कपाटाला कायम कुलूप, आणि किल्ली कायम नर्सच्या अंगावर.

नेमणूक झाली धारूरकडच्या डोंगरातल्या एका खेड्यात, दोन खोल्यांच्या दवाखान्यात. एका दुपारी डॉक्टर तालुक्याला मीटिंगला गेलेले, आया रजेवर, आणि बैलगाडीतून एक अडलेली बाई आली. नवरा टोळीबरोबर ऊसतोडीला गेलेला, म्हणून सोबत एकटी सासू. दुसरं बाळंतपण, सकाळपासून कळा, आणि बाळ पुढं सरकेना.

मी तपासलं, ठोके ऐकले आणि पुस्तकातल्यासारखा चेहरा केला. तेवढ्यात सासूनं सुनेचा अंबाडा सोडला. मग लुगड्याची गाठ, हातातला काळा दोरा, आणलेल्या बोचक्याची गाठ. बाई अडली की घरातली प्रत्येक गाठ सोडायची, प्रत्येक कुलूप उघडायचं, म्हणजे तिचीही वाट मोकळी होते, अशी आमच्याकडची रीत. मला ती ठाऊक होती. माझ्या जन्माच्या वेळी माझ्या आजीनंही घरातले सगळे डबे उघडे टाकले होते. पण मी आता शिकलेली होते ना!

"नरसबाई, त्या कपाटाला कुलूप कावून?"

"आत औषधं आहेत, आजी."

"मंग ती बी अडकूनच बसली की. उघडा."

"आजी, प्रसूतीचा आणि कुलपाचा काहीही शास्त्रीय संबंध नाही."

"न्हाई तर न्हाई. उघडायला तुमचं काय जातंय?"

मग मी तिला गर्भाशयावर व्याख्यान दिलं. चांगलं सविस्तर. म्हातारी शांतपणे ऐकत होती, सून कण्हत होती. या व्याख्यानाच्या नादात एकच किरकोळ काम राहून गेलं: बाळ आल्यावर रक्त थांबावं म्हणून द्यायचं इंजेक्शन कपाटातून काढून ट्रेमध्ये ठेवणं. चिमटे मात्र उंचीप्रमाणे लावले होते.

किल्ली कमरेला टोचत होती, म्हणून मी ती रुमालात तीन गाठी मारून खिडकीत ठेवली. अंगावर म्हणजे जवळपास, असा सोयीचा अर्थ काढला. पुढं माझं सगळं लक्ष बाळाकडं. पाठीमागं खुडबुड झाली, ती मी ऐकली नाही. दोन-तीन कळांत बाळ आलं आणि टाहो फोडला. मी मनात स्वतःची पाठ थोपटली. बाळामागून वारही पडली. आणि मग रक्त वाहू लागलं. वाहू लागलं ते थांबेचना.

रक्तस्रावाचे उपाय धडाधड म्हणणारी ती हुशार मुलगी कुठं गेली, देव जाणे. पोट चोळायचं एवढं एकच आठवलं. एका हातानं चोळत मी दुसरा हात खिडकीकडं नेला. रुमाल होता, पण मोकळा. किल्ली नाही! बाईचे ओठ पांढरे पडू लागले. तिची मान कलंडली. मी ट्रे उपडा केला, चिमटे जमिनीवर. हात थरथरत होते म्हणणं म्हणजे त्यांचं कौतुक झालं.

"काय हुडकता?" म्हातारीनं नातू छातीशी धरून विचारलं.

"किल्ली! कपाटाची किल्ली!"

"कपाटाकडं बघा की अगुदर."

"किल्लीशिवाय बघून काय करू, आजी?"

"बघा म्हनते न्हवं!"

बघितलं. कपाट सताड उघडं होतं. कुलपात किल्ली लोंबत होती. मी पाठ करून बसले होते तेव्हाच म्हातारीनं रुमालाच्या तिन्ही गाठी सोडल्या होत्या आणि कुलूपही काढलं होतं.

"पोट असंच चोळत राहा," असं मी म्हणेपर्यंत तिनं नातू बाजूला ठेवून हात लावलासुद्धा. मी इंजेक्शन भरलं, दिलं. सुई वाकडी गेली असेल, पण गेली. थोड्या वेळानं पोट हाताखाली घट्ट लागलं आणि रक्त आटोक्यात आलं. सुनेनं डोळे उघडून पाणी मागितलं. तेव्हा मी भिंतीला टेकून खाली बसले आणि मोठ्यानं रडले. शास्त्रीयदृष्ट्या त्याची काही गरज नव्हती.

संध्याकाळी डॉक्टर आले. सगळं तपासून म्हणाले, "शाब्बास! इंजेक्शन अगदी वेळेवर दिलंत." मी मान खाली घालून विनयानं हसले. म्हातारी शेजारीच उभी होती. ती नातवाचं दुपटं नीट करत राहिली.

डॉक्टर गेल्यावर तिनं रुमाल माझ्या हातात दिला. किल्ली आत, वर तीन गाठी, माझ्यापेक्षा पक्क्या.

"लेकरू आलं, सून बी हाय. आता लावा तुमचं कुलूप."

पुढं तीसेक वर्षं नोकरी केली. बाई कळा देत आली की मी सगळ्यात आधी इंजेक्शन काढून ट्रेमध्ये ठेवायचे आणि कपाट उघडं टाकायचे. नव्या पोरी विचारायच्या, कुलूप का काढलं? मी म्हणायचे, औषध हाताशी असावं म्हणून. मग त्यांची पाठ वळली की हळूच स्वतःचा अंबाडाही सोडायचे.

हे आता नातीला पाठवते. हात थरथरू दे तिचा.