एका बाजूची झेरॉक्स

आता काय सांगू तुम्हाला! माणसानं मूर्खपणा करावा, त्याला कोणाची ना नाही. पण मंडप टाकून, माईक लावून, दीडशे माणसं बोलावून करू नये. मी केला. चहा ओता, सांगतो.

चौसाळ्यात हायवेला लागून माझं झेरॉक्सचं दुकान आहे. नुसतं झेरॉक्स नाही हं! अर्ज, निवेदन, तक्रार, इशारा, सगळं आपण लिहून देतो. विजेची डीपी जळाली, चला दत्ताभाऊकडं. रस्ता उखडला, चला दत्ताभाऊकडं. माझ्या एका निवेदनावर पुलाचं काम सुरू झालंय. तसं ते आधीच मंजूर होतं म्हणतात, पण जाऊ द्या. दुकानात पाट्यासुद्धा मीच छापून लावल्यात. 'गर्दी करू नये', 'सही केली का?', 'पेन परत द्यावा'. सांगायचा मुद्दा काय, तर कागदाच्या बाबतीत पंचक्रोशीत आपल्याला तोड नाही, अशी माझी समजूत होती.

माझी पोरगी वैष्णवी. वैशू म्हणतो आम्ही. आमच्या वाडीवरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीपर्यंत पहिला नंबर. आता आठवीला बीडच्या मुलींच्या शाळेत जायचं, हे तिनं पाचवीतच ठरवलेलं. तिथं प्रयोगशाळा आहे, आणि तिच्या दोन्ही मैत्रिणी तिथंच चाललेल्या. फॉर्म तिनं स्वतःच्या हातानं भरला. मी काय केलं? झेरॉक्स काढली, पाकिटात घातला, पाकिटावर झोकात नाव टाकलं आणि एसटीत बसून शाळेत देऊन आलो.

शनिवारी यादी लागली. दोन्ही मैत्रिणींचं नाव होतं. वैशूचं नव्हतं.

शाळेच्या खिडकीवर मला एक कागद मिळाला. 'आपल्या पाल्याचा प्रवेश अर्ज नामंजूर करण्यात आला आहे.' एवढं वाचलं आणि माझं डोकं फिरलं. घरी आलो तर पोरीनं कागदाकडं पाहिलंसुद्धा नाही. माझं तोंड बघूनच तिला कळलं. भाकरी ताटात तशीच ठेवली आणि भिंतीकडं तोंड करून झोपली. हिच्यासाठी काय वाटेल ते करीन, असं मी तिथल्या तिथं ठरवलं.

बायको म्हणाली, "आवं, शाळंत जाऊन इचारा तरी, कावून न्हाई घेतली म्हणून."

"इचारायचं?" मी म्हटलं. "मी इचारू? आता ते मला इचारतील!"

आणि काढलं की हो मी निवेदन! काय भाषा होती! 'सावत्रपणाची वागणूक', 'ग्रामीण भागातील गुणवंत कन्येवर घोर अन्याय', 'अन्यथा बुधवारी शाळेच्या गेटसमोर आमरण उपोषण, होणाऱ्या परिणामांस प्रशासन जबाबदार राहील.' प्रती किती? बारा! मुख्यमंत्र्यांपासून पोलीस ठाण्यापर्यंत. प्रत्येक प्रतीला त्या नामंजुरीच्या कागदाची झेरॉक्स जोडली. दुकान घरचं, मशीन घरचं, मग काय विचारता?

वैशू म्हणाली, "पप्पा, तो कागद मला एकदा बघू द्या की."

"तू अभ्यास कर," मी म्हटलं. "कागदाचं मी बघतो."

बुधवारी सकाळी दहाला उपोषण. पावणेदहापर्यंत खाल्लेलं नियमात बसतं, म्हणून मी दोन भाकरी आणि पिठलं हाणून, ढेकर देऊन मंडपात बसलो. माझ्या दुकानाशेजारी गोरखचं वेल्डिंगचं दुकान आहे. त्यानं टेम्पोभर माणसं आणली. चौसाळ्याची, वाडीची, आणि काही तर कुठली होती देव जाणे. एक पाटोद्याचे गृहस्थ हॉस्पिटलात चालले होते, मंडप दिसला म्हणून सावलीला बसले, ते शेवटपर्यंत घोषणा देत होते.

सुट्टीनंतर मुलींची शाळा अजून उघडायची होती. आत मुख्याध्यापिका बाई, एक क्लार्क आणि शिपाई, एवढीच माणसं. अकराच्या सुमाराला बाई गेटपाशी आल्या. हातवारे करून म्हणाल्या, "अहो, तुम्ही तो कागद..."

गोरखनं माईक घेतला. "दत्ताभाऊ तुम आगे बढो!"

"हम तुम्हारे साथ हैं!" दीडशे माणसं.

बाई थांबल्या. पुन्हा म्हणाल्या, "मी काय म्हणते, तो कागद जरा..."

"कोण म्हणतो देत नाही?"

"घेतल्याशिवाय राहत नाही!"

असं चार वेळा झालं. शेवटी बाईंनी कपाळाला हात लावला आणि आत गेल्या. गोरख माझ्या कानात म्हणाला, "घाबरली बे शाळा!" मलाही तसंच वाटलं. मी हळूच फेटा सरळ केला.

बारा वाजता गोरखला आणखी जोर आला. वेल्डिंगवाला माणूस, गाडीत साखळी आणि कुलूप कायमच असतं. त्यानं जाऊन गेटला साखळी घातली, भलंमोठं कुलूप ठोकलं आणि माईकवर सांगितलं, "आता आतलं आत, भाईरचं भाईर! न्याय मिळंस्तवर गेट उघडणार न्हाई!" टाळ्या काय वाजल्या! सगळ्यात जोरात मी वाजवल्या.

तीनच्या पुढं गोरख किल्ली खिशात घालून नानांना आणायला गेला. नाना म्हणजे आमचे माजी सभापती. उपोषण सोडवायला लिंबू सरबत त्यांच्याच हातचं पाहिजे, असा आमच्याकडं रिवाज. त्याशिवाय पेपरात फोटो येत नाही.

आता खरी गंमत. मी माईकवर बोलून बोलून दमून बसलो होतो. वैशू शेजारी बसलेली. वेळ जाईना म्हणून तिनं माझी प्लास्टिकची फाईल उघडली आणि मूळ कागद काढला. समोरून वाचला. मग उलटा केला.

तीही बाजू वाचली. मग माझी बाही ओढून म्हणाली, "पप्पा."

"काय गं?"

"मागं लिवलंय."

मी कागद घेतला. खाली कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात छापलं होतं, 'मागे पहा'. मागे पाहिलं. पेनानं स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: 'कारण: अर्जावर पालकाची सही नाही. जागा राखून ठेवली आहे. बुधवारी सायंकाळी पाचच्या आत कार्यालयात येऊन सही करावी. अन्यथा जागा पुढील विद्यार्थिनीस देण्यात येईल.'

माझी सही! मी जगाला विचारतो सही केली का म्हणून! आणि बारा प्रती काढल्या त्या सगळ्या एका बाजूच्या! मुख्यमंत्र्यांनाही मी समोरचीच बाजू पाठवली होती!

"किती वाजले?" मी विचारलं.

"सवाचार," वैशू म्हणाली.

पाच वाजता जागा जाणार, कार्यालय गेटच्या आत, गेटला कुलूप, आणि कुलूप कोणी लावलं? माझ्यासाठी माझ्याच माणसांनी!

गोरखला फोन लावला. "आलो, आलो! नाना चहा घेऊ लागलेत!" म्हणून त्यानं ठेवून दिला. पुन्हा लावला, उचलेना. मी उठायला लागलो, तर चार जणांनी खांदे दाबून खाली बसवलं.

"भाऊ, उठू नका! अशक्तपणा आलाय तुमाला!"

"मला आत जायचंय!"

"नाना आल्याबिगर न्हाई!"

आता सांगणार तरी काय? दीडशे माणसांना म्हणू, की बाबांनो, मी सही करायची विसरलो? साडेचार झाले. पावणेपाच झाले. वैशूच्या डोळ्यात पाणी यायला लागलं. म्हणाली, "पप्पा, माझी जागा जाती की हो."

मग मात्र मी मागचापुढचा विचार केला नाही. फेटा काढून फेकला, खांदे झटकले आणि सुटलो गेटकडं. चढलो!

तुम्ही माझं पोट बघताय ना? त्यात दोन भाकरी आणि पिठलं. तरी चढलो. मागं एकच गलका. "भाऊ गेटवर चढले! आंदोलन तीव्र झालं!" ज्यांचे आवाज बसले होते, तेही ओरडायला लागले. "दत्ताभाऊ तुम आगे बढो!"

आगे कुठं बढो? गेटला वर भाल्यासारखे गज होते, त्यात माझी पँट अडकली! एक पाय शाळेत, एक पाय आंदोलनात.

बंदोबस्ताला आलेला हवालदार धावत आला. "खाली उतरा! आधी खाली उतरा!"

"कुठल्या बाजूला उतरू साहेब?"

हवालदारानं थोडा विचार केला. "तुमचं तुमी ठरवा, पण उतरा."

वैशू केव्हाच गेटखालच्या फटीतून सरपटत आत गेली होती. ती आतून ओरडली, "पप्पा, सात मिन्टं!" मी डोळे मिटले आणि जोर केला. टर्रर्र! पँट गेली, मी मिळालो. आत पडलो तो थेट बाईंच्या पायाशी.

क्लार्कनं फॉर्म पुढं केला, पेन दिला. घाईत सही अर्धी चौकटीच्या बाहेर गेली. क्लार्कनं घड्याळात बघून शिक्का मारला. चार वाजून सत्तावन्न मिनिटं.

बाई तेव्हा शांतपणे म्हणाल्या, "हेच सांगायचा मी गेटपाशी चार वेळा प्रयत्न केला."

मी कुठं बघू? फाटलेली पँट दोन्ही हातांनी धरून जमिनीकडं बघत राहिलो. वैशूनं मात्र माझ्या कमरेला मिठी मारली. त्या मिठीसाठी मी अजून दोन गेट चढलो असतो.

तेवढ्यात नाना आले. कुलूप निघालं. मला उचलून मंडपात नेलं, गळ्यात हार घातला, कमरेला कोणीतरी शाल गुंडाळली. सत्काराची शाल इतकी वेळेवर कोणालाच मिळाली नसेल! नानांनी सरबत पाजलं, फोटो निघाले. मग नानांनी माईक हातात घेतला.

"बंधू-भगिनींनो, लढ्याला यश आलं! प्रवेश मंजूर झालाय! आता प्रशासनानं काय काय लिहून दिलं, ते दत्ताभाऊंनी आपल्या तोंडानं जनतेला सांगावं!"

माईक माझ्यापुढं. मी कमरेची शाल सावरत बसलो. वैशूनं माईक ओढून घेतला. पोरगी कोणाची? स्पष्ट बोलायची सवय.

"प्रशासनानं काहीच न्हाई लिहून दिलं," ती म्हणाली. "पप्पांनी लिहून दिलं."

"काय लिहून दिलं बाळा?" नानांनी कौतुकानं विचारलं.

"सोताचं नाव. फॉर्मवर ऱ्हायलं होतं."

आधी पाटोद्याचे ते गृहस्थ हसले. मग दीडशे माणसं. हवालदार तर गेटला धरून हसत होता. नाना तेवढे हसले नाहीत. गाडीत बसताना फक्त म्हणाले, "दत्ता, माझ्या नावाची निवेदनं इथून पुढं दुसऱ्याकडनं लिहून घेतो."

वैशू आता रोज एसटीनं शाळेत जाते. मीही रोज दुकान उघडतो. परवा लांबच्या उमापूरची एक म्हातारी आली, लेकीकडं आली होती म्हणे. कधी पाहिलेली नाही, ओळख नाही, देख नाही. तिनं काउंटरवर रेशन कार्ड ठेवलं, माझ्या डोक्यावरची 'सही केली का?' ही पाटी बघितली, मग मला खालून वर न्याहाळलं.

"गेटवर चढलेला तूच का रं?"

"हो आजी."

"मग दोन्ही बाजूंनी काढ," ती म्हणाली, "अन् काढून झाल्यावर तुझ्या लेकीला दाव. तुझं तू बघू नको."