प्रश्न विचारायचा नाही

परभणी जिल्ह्यात आमच्या प्राचार्यांना ज्यानं आपलं गाऱ्हाणं ऐकवलं नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही. समाजकार्य महाविद्यालयाचे ते प्राचार्य. मी आधी त्यांचा विद्यार्थी होतो, पुढं तिथंच शिकवायला लागलो. या विषयावरची जाडजूड पुस्तकं त्यांच्या कपाटात होती, पण सरांचं सगळं शास्त्र एवढंच : माणूस बोलत असला की मधे तोंड घालायचं नाही. हा नियम ते इतक्या निष्ठेनं पाळायचे की त्यांच्याबरोबर राहणाऱ्यांचे हाल व्हायचे. एकदा ते स्टेशनवरून कॉलेजला यायला रिक्षात बसले. रिक्षावाल्यानं मेव्हण्याशी झालेलं भांडण सांगायला घेतलं आणि तावातावानं रिक्षा मेव्हण्याच्याच गावाच्या रस्त्याला घातली. सर मधे बोलणार कसे? भांडण संपलं तेव्हा देवगाव फाटा आला होता. तिथून मला फोन आला, "आजचे तास तुमी घ्या. मेव्हण्याची चूक हाय, पण सगळी न्हाई."

दाढ ठणकत होती म्हणून दवाखान्यात गेले, तर दोन तासांनी सुजलेला गाल आणि तीच दाढ घेऊन परत. डॉक्टरांच्या घरात भावाभावांच्या वाटण्या चालू होत्या म्हणे. "दाढ काय, पुढच्या आठवड्यात काढू," सर गाल धरून म्हणाले, "आज डॉक्टरचंच लय दुखायलं होतं."

त्यांची प्रवेशपरीक्षासुद्धा तसलीच. मला सांगितलं, "पोखर्णीला जा. नरसिंहाच्या देवळापाशी कुणाजवळही बसा, त्याची हकीकत घेऊन या. फक्त प्रश्न विचारायचा न्हाई." मी एका म्हातारीशेजारी जाऊन बसलो. बराच वेळ ती माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "कोणाचा रं तू? लय वाळलायस. घरी जेवायला देत न्हाईत का?" संध्याकाळपर्यंत माझं गाव, माझे मार्क, जमता जमता मोडलेलं माझं लग्न, सगळी मालूमात तिनं काढून घेतली. वही कोरीच. मी खाली मान घालून सरांपुढं उभा राहिलो. सर म्हणाले, "बरं वाटलं का?" मी हो म्हणालो. "मग झाला प्रवेश. बाई कसं काम करती, बघितलं ना?"

पण खरी गंमत झाली ती मान्यतेच्या पाहणीला समिती आली तेव्हा. गंमत आता म्हणतो. त्या दिवशी आमच्या नोकऱ्या टांगणीला लागल्या होत्या. मान्यता गेली तर कॉलेजला कुलूपच. आठवडाभर आम्ही खोल्या झाडल्या, पुस्तकांवर नंबर चिकटवले, भिंतीवर तक्ते लावले. समितीत तिघं होते. अध्यक्ष कपाळाला आठ्या घालूनच गाडीतून उतरले आणि बसायच्या आधी म्हणाले, "ग्रंथालय कुठं आहे?"

"बसा इत्मिनानानं, निवांत," सर म्हणाले. "थकलेले दिसायलाव."

एवढं बोलून सर गप्प झाले. अध्यक्ष म्हणाले, "थकणारच हो." आणि बांध फुटला. निवृत्त झाल्यापासून त्यांना घरात कुणी काही विचारत नव्हतं. आज भाजी कोणती करायची, इथपर्यंत! म्हणून ते मिळेल त्या समितीवर जात होते, निदान कुणीतरी सही मागतं म्हणून. मी दारात चिवड्याचा ट्रे घेऊन उभा, आत जायची सोय नाही. तासाभरानं दुसरे सदस्य खुर्ची पुढं ओढत म्हणाले, "माझंही थोडं आहे." तिसऱ्या सदस्य बाई घड्याळाकडं बघत होत्या. मला वाटलं, चला, यांना तरी पाहणीची आठवण आहे. तर त्या दुसऱ्यांना म्हणाल्या, "तुमचं लवकर आटपा ना, मला गाडी गाठायची आहे."

समिती डोळे पुसत निघून गेली. ग्रंथालयाचं दार कुणी उघडलंसुद्धा नाही. मी सरांवर पहिल्यांदाच ओरडलो, "सर, एकदा तरी म्हणायचं होतं, ग्रंथालय बघा म्हणून!"

सरांना माझंच नवल वाटलं. "ते रडायलते हो. त्यायला म्या कपाट दाखवू?"

महिन्यानं पत्र आलं. मान्यता मिळाली होती, पण एकाच वर्षाची. खाली अट होती : पुढच्या पाहणीला हीच समिती येईल.

सर निवृत्त झाले. आता त्यांच्या खुर्चीवर मी बसतो. मध्यंतरी एक मुलगी काही सांगायला केबिनमध्ये आली होती. मला बैठकीची घाई होती. "लेखी दे," म्हणालो. दुसऱ्या दिवसापासून ती कॉलेजला आलीच नाही. चार दिवस ते मनातून जाईना, म्हणून मी सरांच्या घरी गेलो. काकूंनी दारातच सांगितलं, "त्यायला आता कायी ऐकू येत न्हाई बघा. मशीन आणलंय, पण लावत न्हाईत."

तरी मी समोर बसलो आणि सगळं सांगितलं. सर माझ्या तोंडाकडं बघत होते. एक अक्षरही त्यांना ऐकू जात नव्हतं, हे मला माहीत होतं. मी थांबलो. त्यांनी खुर्ची जरा पुढं सरकवली आणि म्हणाले, "हं. मग?"

माझ्या मते सांगून झालं होतं. पण सर वाट बघत होते. मग जे स्वतःलाही सांगितलं नव्हतं, ते मी त्यांना सांगितलं. त्या मुलीचं नाव मला माहीत नव्हतं.

सरांनी हळूच मान हलवली आणि माझ्या हातावर हात ठेवला.